बाळंतपणानंतर वजन उतरलं, पण माप परत आलंच नाही

कवडसा | सोमवार, रात्री ११.२०

लिहू का नको असं बरेच दिवस चाललं होतं. घरी विषय काढला की एकच उत्तर मिळतं, अगं मूल झालं ना, मग एवढं चालायचंच. म्हणून शेवटी इथे लिहितेय.

माझी मुलगी अडीच वर्षांची आहे, नॉर्मल डिलिव्हरी. दिवस राहायच्या आधी माझं वजन ५६ होतं, नववा संपत आला तेव्हा ६९, आणि आता गेले सात-आठ महिने परत ५६-५७ वर थांबलंय. म्हणजे काट्याच्या हिशोबाने मी होते तिथेच आहे. गेल्या आठवड्यात चुलत दिराच्या साखरपुड्यासाठी लग्नातली पैठणी काढली आणि ब्लाऊज घालून बघितला, तर दंडाला बसतोय, मुंढ्यात बसतोय, पण छातीखालचे शेवटचे दोन हूक काही केल्या लागेनात, श्वास सोडून लावून बघितले, नाही म्हणजे नाहीच. वारज्याला आमच्या टेलर मावशींकडे नेला तर त्यांनी उलटा करून बघितला आणि म्हणाल्या, माया (शिवणीत आत दुमडलेलं जादा कापड) संपली ताई, आतून सोडायला आता काही नाही.

घरी येऊन खूप रडले. एका ब्लाऊजसाठी रडायचं काय, असं नवरा म्हणाला नाही पण त्याच्या चेहऱ्यावर ते होतं.

आणि एकटा ब्लाऊज असता तर मी लिहिलंही नसतं. चपलेचा नंबर ५ होता तो ६ झालाय. बेंबीच्या वर पोट असं पुढे येतं की संध्याकाळपर्यंत मी चार महिन्यांची गरोदर दिसते, सकाळी उठल्यावर तेवढं नसतं. मागच्या महिन्यात कर्वे रोडला पीएमपीच्या बसमध्ये एक आजी माझ्यासाठी उठल्या, बस गं बाळा म्हणाल्या. त्यांच्या मायेला नाही कसं म्हणणार, मी बसले, आणि डेक्कन येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. हे कायमचं आहे का? आणि माझ्याकडून काही राहिलं का? कारण आई तेव्हा आजारी होती, माहेरी जाता आलं नाही, मालिशवाल्या मावशी फक्त तीन आठवडे आल्या आणि पोट काही नीट बांधलं गेलं नाही.


टेकडीवाली | सोमवार, रात्री ११.५२

कवडसा, तुला आधी एक मिठी. मी पण यातून गेलेय. पण कायमचं वगैरे काही नसतं गं, मनावर घेतलं की होतं. मी रोज पहाटे वेताळ टेकडी चढते, घरी येऊन १०० क्रंचेस. सुरुवातीला जड जाईल पण सोडू नकोस.


पेठेतली | मंगळवार, सकाळी ६.४०

बाळ, मी तुझ्या आईच्या वयाची आहे म्हणून हक्काने विचारते. पोट बांधलं नाहीस हेच कारण असणार. आमच्या वेळी सुती पातळ घट्ट गुंडाळून चाळीस दिवस बांधायचे, वर शेक, शेगडीवर ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी, कानाला रुमाल. हाडं तेव्हा नरम असतात, जसं बांधाल तसं अंग धरतं, असं म्हणायचे. हल्लीच्या मुलींना ते नको वाटतं. तुला दोष देत नाही, आई आजारी असताना कोण करणार.


अंगणवेल | मंगळवार, दुपारी २.१५

मी फिजिओथेरपिस्ट आहे, गेली ११ वर्षं बाळंतपणानंतरच्या बायकांसोबतच काम करते. कवडसा, तुझी पोस्ट दोनदा वाचली. तू लिहिलेल्या तिन्ही गोष्टींची कारणं वेगवेगळी आहेत आणि त्यातली एकही तुझी चूक नाही, हे आधी सांगते.

छातीखालचा हूक लागत नाही ते चरबीमुळे नाही. गरोदरपणात बरगड्यांचा पिंजरा खालून उघडतो. छातीच्या मधल्या हाडाखाली दोन्ही बरगड्यांचा जो कोन होतो ना, तो साधारण ६८ अंशांवरून १०३ अंशांपर्यंत जातो, आणि खालचा घेर ५ ते ७ सेंटीमीटर वाढतो. गंमत अशी की हे पोट मोठं व्हायच्या आधीच सुरू होतं, म्हणजे बाळाने ढकललं म्हणून बरगड्या फाकल्या असं नसतं, शरीर आधीच जागा करायला लागतं. डिलिव्हरीनंतर यातलं बरंचसं मागे येतं, पण सगळ्यांचं पूर्ण येत नाही. तुझं ५६ किलो वजन परत आलं आणि दोन हूक राहिले, यात मला काहीच विचित्र वाटत नाही.

सकाळी कमी आणि संध्याकाळी पुढे आलेलं पोट, त्यातून बेंबीच्या वर, यावरून मला डायस्टॅसिस रेक्टायची शंका येते. पोटाच्या मधोमध दोन उभे स्नायू असतात, त्यांना जोडणारी पट्टी गरोदरपणात ताणून रुंद आणि पातळ होते. शेवटच्या महिन्यांत ती जवळपास प्रत्येकीची ताणलेली असते. नंतर काहींची आवळते, काहींची नाही. नॉर्वेत ३०० पहिलटकरणींवर केलेला अभ्यास २०१६ मध्ये छापून आला, त्यात सहा आठवड्यांनी ६० टक्के, सहा महिन्यांनी ४५ टक्के आणि एक वर्षाने सुद्धा ३३ टक्के बायकांमध्ये ही फट होती. दर तिघींमध्ये एक, एक वर्षानंतर. आणि यातल्या कितीतरी जणींना घरचे सांगत असतात की पोट सुटलंय, भात कमी कर.

घरी बघायचं असेल तर उताणी झोप, गुडघे मुडप, बेंबीच्या थोडं वर दोन बोटं आडवी ठेव आणि डोकं नि खांदे हलकेच वर उचल. दोन्ही बाजूंच्या कडा बोटांना लागतील. मधे दोनापेक्षा जास्त बोटं मावली, किंवा बोटं मऊमऊ खोल जायला लागली तर एकदा दाखवून घे. फट किती रुंद यापेक्षा ती पट्टी ताण धरते का नाही ते जास्त महत्त्वाचं असतं, ते हाताने बघावं लागतं, फोटोवरून कळत नाही. बेंबीपाशी गोळीसारखं काही बाहेर येत असेल, खोकताना जास्त दिसत असेल तर सर्जनला दाखव, हर्निया असू शकतो.

टेकडीवाली, टेकडी अगदी चालू ठेव. पण क्रंचेस करताना पोटाच्या मधोमध उभा उंचवटा येत असेल तर सध्या ते बंद कर. ज्या पट्टीला आधीच जोर नाही तिच्यावरच तू रोज १०० वेळा दाब देतेयस.


टेकडीवाली | मंगळवार, दुपारी ३.०५

उंचवटा येतो. मला वाटायचं तो स्नायू तयार होतोय.


रानजाई | मंगळवार, संध्याकाळी ७.३०

माझी दोन सिझेरियन झालीत त्यामुळे माझं दुखणं जरा वेगळं. टाक्यांच्या बरोबर वर एक घडी आहे, खाली त्वचा आत ओढल्यासारखी आणि वर ओटी लोंबते. वजन ४ किलोनी कमी केलं तेव्हा घडी लहान झाली पण गेली नाही. टाक्यांखाली बोट फिरवलं तर अजून बधिर लागतं, धाकटा सहा वर्षांचा आहे. सलवारची नाडी नेमकी तिथे येते म्हणून मी सगळे सलवार सोडून लांब कुर्ते आणि वर इलॅस्टिकच्या पँट घालायला लागले, त्यालाही आता चार वर्षं झाली.

मागच्या वर्षी प्लास्टिक सर्जनकडे जाऊन विचारून आले, ते पोटाची त्वचा काढून स्नायू शिवतात ते ऑपरेशन. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की अजून मूल हवं असेल तर आत्ता करू नका, पुढच्या वेळी परत ताणलं जाईल. वजन काही महिने स्थिर हवं, नंतर कित्येक आठवडे जड उचलायचं नाही, आणि इन्शुरन्सवाले याला कॉस्मेटिक धरतात. मी अजून ठरवलेलं नाही. पण विचारायला गेले हे बरं केलं, कारण इतकी वर्षं मी ते मनातल्या मनात पाप असल्यासारखं धरून बसले होते. कुणी करून घेतलं तर घेऊ दे ना, तिचं पोट आहे.

अंगणवेल, टाक्यांच्या जागी ओढल्यासारखं वाटतं त्याला काही करता येतं का?


अंगणवेल | मंगळवार, रात्री १०.१०

रानजाई, हो. सिझेरियनमध्ये त्वचेपासून गर्भाशयापर्यंत एकाखाली एक थर कापून शिवतात, भरून येताना ते एकमेकांना चिकटतात, आणि वरची त्वचा आत ओढली जाते. जखम पूर्ण भरल्यावर त्या रेषेच्या वर-खाली, आडवं, गोल अशी हाताने हालचाल द्यायला आम्ही शिकवतो. सहा वर्षांनी सुद्धा त्वचा मोकळी होते असं मी पाहिलंय. घडी पूर्ण जाईल असं वचन मात्र देणार नाही, तिथे जास्तीची त्वचा आहे आणि त्वचा व्यायामाने आवळत नाही.


सुईदोरा | मंगळवार, रात्री ११.३५

मी इथे नेहमी फक्त वाचते, आज लिहितेय कारण हा माझ्या कामातला विषय आहे. सिंहगड रोडला घरीच ब्लाऊज शिवते, २२ वर्षं झाली. लग्नाचे ब्लाऊज शिवलेल्या मुली डोहाळजेवणाला येतात, मग बारशाला येतात, मग दोन-तीन वर्षांनी कुणाच्या तरी लग्नाला येतात, आणि त्या सगळ्यांची मापं माझ्या वह्यांमध्ये तारखेसकट आहेत. फिजिओ ताईंनी बरगड्यांचं लिहिलं ते वाचून मी वह्या काढून बसले. छाती कुणाची वाढते कुणाची कमी होते, कंबरेचं काही सांगता येत नाही, पण छातीखालचं माप एक ते दोन इंच वाढलेलं जिच्यातिच्यात. अगदी बारीक मुलींचं सुद्धा. मला वाटायचं बाळंतपणाच्या लाडवांचं असेल, डिंक, अळीव, खारीक-खोबरं, पण लाडवांचं वजन उतरलेल्या मुलींचंही ते माप तसंच असायचं आणि मला कधी कळलं नाही का ते.

दुसरं म्हणजे टक, म्हणजे छातीच्या उभारासाठी घातलेली चुणी, खाली घ्यावा लागतो. खांद्यापासून टकाच्या टोकापर्यंतचं माप अर्धा-पाऊण इंचाने वाढतं. जुना कटोरी ब्लाऊज म्हणून बसत नाही, सैल असला तरी वर ओढल्यासारखा दिसतो. मुलींना वाटतं आपलं अंग बिघडलं, अहो, कटोरी जागेवर नाहीये एवढंच. नवीन शिवताना जुना ब्लाऊज मापाला देऊ नका, अंगावर माप घ्यायला सांगा, आणि ते सुद्धा आता जी ब्रा घालता ती घालून.

कवडसा, पैठणीच्या ब्लाऊजचं काम होण्यासारखं आहे. साडीचा जो शेवट आपण आत खोचतो तिथे चार-पाच इंच कापड निघतं, साडी नेसल्यावर कळत पण नाही. त्याच्या दोन पट्ट्या काढून काखेखाली दोन्ही बाजूंना लावायच्या, पाऊण-पाऊण इंच सुटतं. एक बाजू पदराखाली जाते, दुसरी दंडाखाली. रंग एकच असल्यामुळे शिवण दिसत नाही. शेवट बिनाकाठाचा आहे का ते मात्र आधी बघून घ्या.

मी नवरीच्या आयांना नेहमी सांगते, दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया ठेवू द्या. फिटिंग जाड दिसतं म्हणून नको म्हणतात. मग अशी वेळ येते.


कवडसा | बुधवार, सकाळी ८.०५

रात्री दोनदा झोपेतून उठून हा धागा वाचला. अंगणवेल, काल बोटं ठेवून बघितलं, तीन बोटं सहज गेली आणि आत मऊ लागलं. भीती वाटली पण खरं सांगू, बरं पण वाटलं. अडीच वर्षं मी भात सोडला, रात्रीचं जेवण सोडलं, आणि ती फट तिथेच होती.

सुईदोरा, शेवट बिनाकाठाचा आहे.


नदीपार | बुधवार, दुपारी १२.२०

चपलेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते, कारण मला पण हेच झालं आणि सगळे म्हणायचे सूज आहे, उतरेल. उतरली नाही. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने ४९ बायकांची पावलं गरोदरपणाच्या सुरुवातीला आणि बाळंतपणानंतर पाच महिन्यांनी मोजली होती, २०१३ ला छापून आलं. ६० ते ७० टक्के बायकांची पावलं लांब आणि रुंद झालेली निघाली, २ मिलीमीटर ते १० मिलीमीटरपर्यंत. वजन आणि सैल झालेले सांध्याचे बंध यामुळे तळपायाची कमान बसते आणि पाऊल पसरतं. हे मुख्यतः पहिल्या बाळंतपणात होतं असं त्यांना दिसलं. मी कपाटातल्या सगळ्या ५ नंबरच्या चपला कामवाल्या ताईंच्या मुलीला दिल्या आणि लक्ष्मी रोडवरून नवीन घेतल्या. जोडवी तेवढी सोनाराकडून सैल करून आणली. लहान चपलेत पाय कोंबून चालत राहू नका, माझी टाच वर्षभर त्यामुळे दुखत होती.


चिमणचारा | बुधवार, दुपारी ४.४५

माझं बाळ सात आठवड्यांचं आहे आणि मी आत्ता त्याला मांडीवर घेऊन एका हाताने टाइप करतेय. अजून पोट जसंच्या तसं मोठं आहे असं मला वाटतं, आरशात बघवत नाही. जांभळे चट्टे आहेत मांडीवर, पोटावर, बेंबीखाली काळी रेघ. क्रीम लावते रोज, महाग आहे खूप. दूध पाजल्यामुळे छाती ओघळते म्हणून जाऊबाई सांगतात लवकर वरचं दूध सुरू कर. काय करू?


अंगणवेल | बुधवार, रात्री ९.४०

चिमणचारा, सात आठवडे म्हणजे काहीच नाही गं. डिलिव्हरीच्या दिवशी नुसतं गर्भाशय १ किलोच्या आसपास असतं, ते १०० ग्रॅमच्या आत यायलाच साधारण सहा आठवडे लागतात. स्नायू, त्वचा, पाणी याला त्याहून जास्त. आत्ता आरशावरून काहीच ठरवू नकोस.

काळी रेघ काही महिन्यांत फिकी होते. चट्टे जांभळ्याचे रुपेरी होतात, पण पूर्ण पुसले जात नाहीत. क्रीमने ते टळतात का यावर २०१२ मध्ये कोक्रेनने (वैद्यकीय अभ्यास पडताळणारी संस्था) सगळे अभ्यास एकत्र करून बघितले, फायदा सिद्ध झाला नाही. खाज थांबते म्हणून साधं खोबरेल लाव, महागडं बंद केलंस तरी चालेल.

आणि दूध अजिबात बंद करू नकोस या कारणासाठी. केंटकी विद्यापीठातल्या प्लास्टिक सर्जन्सनी २००८ मध्ये हेच तपासलं होतं. छाती ओघळण्याशी वय, वजन, किती वेळा गरोदर राहिली, आधीचा आकार आणि सिगरेट यांचा संबंध निघाला, अंगावर पाजण्याचा नाही. गरोदरपणातच तिथले बंध ताणलेले असतात, मग पाजा किंवा पाजू नका. जाऊबाईंना वाचायला दे.


मधुकण | गुरुवार, सकाळी १०.३०

इथे सगळ्याजणी एकमेकींना धीर देतायत ते बघून छान वाटलं, पण एक काळजीचं लिहिते, वाईट मानू नका. मला सातव्या महिन्यात गरोदरपणातला डायबेटिस निघाला होता. बाळ झाल्यावर शुगर नॉर्मल आली म्हणून सोडून दिलं, वजन सुद्धा ५८ होतं, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) नॉर्मल. कंबर वाढत होती तर मी पण हेच म्हणत होते की बाळंतपणाचं आहे, राहू दे. मुलगा चार वर्षांचा झाला तेव्हा प्रीडायबेटिस, म्हणजे डायबेटिसच्या आधीची पायरी, निघाला.

पुण्यातल्याच केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं एक उदाहरण मला माझ्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी आणि इंग्लंडच्या डॉ. यूडकिन यांनी आपापली मापं काढली, दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण यूडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात २००४ ला दोघांच्या फोटोसकट आलं होतं. म्हणजे आपण भारतीय वजनाने बारीक असूनही पोटात चरबी बाळगून असतो. भारतीय बाईसाठी कंबरेची धोक्याची रेघ ८० सेंटीमीटरला धरतात, साधारण साडेएकतीस इंच. बरगड्या रुंद झाल्या त्यात आजार काही नाही हे मान्यच, पण बेंबीपाशी टेप लावून बघा, आणि जिला गरोदरपणात शुगर होती तिने बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांत ग्लुकोज पिऊन करायची टेस्ट नक्की करा, आणि नंतरही अधूनमधून करत राहा. मी केली नाही.


कवडसा | गुरुवार, सकाळी ११.१५

वाईट कशाला मानू. मला शुगर नव्हती पण टेप लावते.


एक_बाबा | गुरुवार, रात्री ११.०५

पुरुषाने इथे लिहावं का माहीत नाही. बायको हाच धागा वाचत होती, तिने मला वाचायला दिला आणि काही न बोलता झोपायला गेली. आमचा मुलगा दीड वर्षाचा आहे. मी तिला सारखं म्हणायचो की तू छानच दिसतेस, मला काही फरक वाटत नाही. मला वाटायचं हेच बोलायचं असतं. आज समजलं की फरक आहे, तिला तो रोज दिसतो, आणि मी नाही म्हणतो तेव्हा ती अजून एकटी पडते. मी काय करावं हे खरंच विचारतोय.


रानजाई | शुक्रवार, पहाटे ५.०५

दादा, फरक आहे हे मान्य करा, तिथून सुरुवात होते. माझ्या नवऱ्याने एकदा न विचारता कपाटातले माझे न होणारे कपडे बाजूला काढून बॉक्समध्ये भरून माळ्यावर ठेवले, आणि तुळशीबागेत मला घेऊन जाऊन दोन तास मुलं सांभाळत उभा राहिला, घे तुला हवं ते म्हणाला. बोलला काहीच नाही. रोज सकाळी कपाट उघडल्यावर न होणारे कपडे समोर दिसणं बंद झालं हे केवढं मोठं होतं ते मी शब्दांत नाही सांगू शकत. आणि व्यायामाला अर्धा तास हवा असतो तिला, त्या अर्ध्या तासात मुलगा तुमच्याकडे, दार बंद.


पेठेतली | शुक्रवार, पहाटे ५.२०

रात्रभर झोप लागली नाही म्हणून लिहिते. मी परवा कवडसाला म्हणाले की पोट बांधलं नाहीस म्हणून झालं. ते मी मागे घेते.

माझं पहिलं बाळंतपण १९८३ चं, माहेरी सदाशिव पेठेत, आईने सगळं साग्रसंगीत केलं. चाळीस दिवस पातळ बांधलं, इतकं घट्ट की दूध पाजायला बसलं की धाप लागायची. तरी पोट राहिलंच. बेंबीच्या वर असंच. मला वाटलं मी नीट झोपले नसेन, पट्टा सरकला असेल, सासूबाई म्हणायच्या तू लवकर उठून कामाला लागलीस. मी ते खरं मानलं आणि तेच माझ्या लेकीला सांगितलं, सुनेला सांगितलं, आणि परवा इथे एका अनोळखी मुलीला सांगितलं.

अजून एक आहे जे मी कधी कुणाला बोलले नाही, डॉक्टरांना सुद्धा नाही. दुसऱ्या बाळंतपणापासून खोकलं, शिंकलं, जिना उतरला की लघवी होते. तेहतीस वर्षं झाली. प्रवासाला जायचं टाळते. पर्वतीवर माझ्या बरोबरीच्या बायका जातात, मी गुडघ्याचं कारण सांगते. माझे गुडघे चांगले आहेत. आताशा खाली जड वाटतं, काहीतरी उतरल्यासारखं. माझ्या आजीचं अंग बाहेर आलं होतं, ती तशीच गेली. त्याची भीती वाटते.


अंगणवेल | शुक्रवार, सकाळी ६.०५

काकू, उठल्या उठल्या तुमची पोस्ट वाचली. तुम्ही लिहिलंत याचे आभार कसे मानू कळत नाही.

बांधण्याबद्दल आधी. तुमच्या आईने केलं ते काही वाया नव्हतं. पट्ट्याने आधार वाटतो, सिझेरियन झालेल्यांचं दुखणं हलकं होतं, आणि बाळंतिणीला कुणी हात लावून सांभाळतंय हे तर फारच मोठं असतं. फक्त त्याने ती मधली फट बुजत नाही. आणि फार घट्ट बांधलं तर दाब खाली ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर जातो, जे आधीच थकलेले असतात. म्हणून आम्ही सैलसर, थोडे आठवडे, श्वास मोकळा घेता येईल एवढंच बांधायला सांगतो.

आता तुमचं. त्या तळाच्या स्नायूंचा जोर कमी झाला की खोकताना लघवी होते, आणि गर्भाशय, मूत्राशय खाली सरकलं की जड वाटतं, त्यालाच आपल्याकडे अंग बाहेर येणं म्हणतात. या दोन्हींवर उपाय आहेत आणि तुमच्या वयात सुद्धा ते लागू पडतात. आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, किती उतरलंय ते तपासू द्या. थोडं असेल तर व्यायामाने त्रास कमी होतो, जास्त असेल तर आत बसवायची रिंग असते, ऑपरेशन हा नंतरचा मार्ग. लघवीसाठी ज्या व्यायामाला केगल म्हणतात तो, डॉ. केगल यांनी १९४८ मध्ये लिहिला तेव्हापासून वापरात आहे. लघवी रोखताना जो भाग आत-वर खेचला जातो तो आवळायचा आणि सोडायचा, श्वास न रोखता. एका वेळी निदान ८ वेळा, असं दिवसातून ३ वेळा, आणि निदान ३ महिने. लघवी करताना मात्र करायचा नाही. बऱ्याच जणी आवळायच्या ऐवजी खाली ढकलतात, म्हणून पहिल्यांदा कुणाकडून तरी तपासून शिकून घ्या. तुम्ही कुणासोबत जाऊ शकाल का?


पेठेतली | शुक्रवार, सकाळी ९.५०

सुनेला सांगून बघते. लाज वाटते गं.


कवडसा | शुक्रवार, सकाळी १०.००

काकू, तुम्ही मागे घ्यायची काही गरज नव्हती, पण तुम्ही घेतलंत आणि मी ऑफिसच्या बसमध्ये हिंजवडीपर्यंत रडत आले. तुम्हाला जायला कुणी नसेल तर मला इथे निरोप (विपु) पाठवा, मी येईन तुमच्याबरोबर. खरंच येईन.


कवडसा | रविवार, रात्री १०.१५ (तीन आठवड्यांनी)

धागा वर काढतेय कारण सांगायचं होतं.

फिजिओकडे जाऊन आले, फट तीन बोटं आहे, हर्निया नाही. श्वास सोडताना पोट आत घ्यायचे व्यायाम दिलेत, आणि मुलीला उचलताना आधी श्वास सोडायचा, मग उचलायचं हे शिकवलं. त्यांनी सांगितलं की फट थोडी कमी होईल, कदाचित पूर्ण नाही होणार, पण संध्याकाळचा फुगवटा आणि पाठदुखी कमी व्हायला हवी. पाठदुखी याच्याशी जोडलेली असेल हे माझ्या डोक्यातच नव्हतं. तीन आठवड्यांत पोट तसंच आहे, पाठ मात्र रात्री कमी दुखते. कंबर टेपने ७९ सेंटीमीटर आली, शुगर तपासली, ठीक आहे. भात परत सुरू केला.

साखरपुडा काल झाला. सुईदोराने सांगितलं तसं साडीच्या शेवटाच्या पट्ट्या काढून आमच्या टेलर मावशींकडे दिल्या, त्यांना सांगितलं की काखेखाली लावा, तर त्या म्हणाल्या हे तुम्हाला कुणी शिकवलं. शेवटचे दोन्ही हूक लागले. जेवायला बसल्यावर पण श्वास नीट घेता येत होता. धाकट्या जावेचा लग्नाचा ब्लाऊज त्यांच्याकडेच शिवायला टाकलाय, दोन्ही बाजूंनी दीड इंच माया ठेवायला मी सांगून आले.

एका नातेवाईक बाईंनी विचारलंच, काय, दुसरी गुड न्यूज का? मी म्हणाले, नाही मावशी, पहिलीचंच पोट आहे.


सुईदोरा | रविवार, रात्री १०.४०

फोटो टाक ना ब्लाऊजच्या शिवणीचा. पट्टी तिरकी लावली का सरळ?


पेठेतली | सोमवार, सकाळी ६.३०

काल डॉक्टरांकडे जाऊन आले. सूनबाई बरोबर आली होती, आत पण आली, मी नको म्हणाले तरी. थोडं उतरलंय, ऑपरेशन लागणार नाही म्हणाल्या. व्यायाम लिहून दिलाय. सून म्हणाली आई, मला पण शिंकताना होतं. आता दोघी सकाळी चहाच्या आधी एकत्र करतो.